दुसरा शब्द

उन्हाळ्यात आमच्या सावली तालुक्यातले तलाव आटले की बाबांचं जाळं खुंटीला लागायचं आणि आई तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची. त्या घरातून मी चंद्रपूरला एम.ए.ला आले. आमच्या सगळ्या नात्यात कॉलेजची पायरी माझ्याआधी कोणी चढलं नव्हतं, हे मी आजही मान वर करून सांगते.

कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना पोरं ‘दुसरा-शब्द बाई’ म्हणत. ग्रंथालयात इंटरनेटचा एकच कॉम्प्युटर होता, त्यावर शोधनिबंधांचा डेटाबेस उघडायचा. काही सापडलं नाही म्हणून कोणी उठलं की बाई चष्म्यावरून बघत विचारत, “दुसरा शब्द काय हाये त्याले?” स्वतः मात्र कीबोर्डला बोट लावत नसत. “मी शोधलं तं मले येईन. तुले काय येईन?”

माझा विषय होता आमच्या गावचा मामा तलाव आणि त्यावर जगणारी आम्हा ढिवरांची घरं. विभागप्रमुख सरांनी बजावलं होतं, “सोमवारपर्यंत आधीचं संशोधन दाखव, नाहीतर ग्रामीण बँकांवर लिही.” बँकेत आमचं खातंसुद्धा नव्हतं. मी इंग्रजीत ‘मामा’ टाइप केलं; इंग्रजीत मामा म्हणजे आई, तर आले सगळे स्तनपानावरचे लेख. बाई पोट धरून हसल्या.

“काऊन वं, तुह्या तलावात मासे नाई, बाळंतिणी निंगाल्या!”

“हसू नका बाई, माहा विषय जाऊन राह्यला.”

बाईंनी हसू आवरलं. मग म्हणाल्या, “मामा काऊन म्हणतेत त्याले?”

“कोण्या मामानं बांधला असंन.”

“मलेई नाई माहीत. मी भद्रावतीची, आमच्याइथी खाणी. जा, बाबाले विचारून ये.”

शनिवारच्या एसटीनं घरी गेले. बाबा जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, “मालगुजाराचा, म्हंजे जुन्या जमीनदाराचा तलाव तो. सरकारनं घेतला, तं माजी मालगुजारी झाला. सायेब लोक कागदावर ‘मा.मा.’ लिहीत, आपण मामा केला.” इतकी वर्षं आम्ही पोरं तलावाला आईचा भाऊ समजत होतो!

सोमवारी इंग्रजीत ‘मालगुजारी’ टाइप केलं. पडदा कोराच. बाई शेजारी हाताची घडी घालून बसल्या होत्या. “जे काढ, झेड टाक. इंग्रजाच्या कानाले तसंच आयकू आलं असंन.” टाकलं, आणि लेखांच्या नावांनी पडदा भरला. सरांनी यादी पाहिली आणि “बरं, लिही” एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. जाण्याआधी मी त्यांना लघुप्रबंध दाखवायला नेला. आभाराच्या पानावर त्यांचं नाव होतं, खाली बाबांचं. स्वतःच्या नावावरून त्यांची नजर नुसती सरकली.

“बाबाचं नाव इथी काऊन? त्याइनं तुले माहिती देली ना? मंग संदर्भात टाक.”

टाकलं. शेवटच्या पानावर इंग्रजी नावांच्या रांगेत बाबांचं नाव आहे, पुढे लिहिलंय : मुलाखत. लघुप्रबंध मंजूर झाला. मी एम.ए. झाले.