पहिल्या धारेचं पाणी

आमच्या अकोल्याच्या पाणी तपासणी लॅबमध्ये रिपोर्ट कमी निघतात आणि किस्से जास्त. कपाट फायलींनी भरलं, डोकं किश्श्यांनी.

नळाच्या पाण्यात शिसं आहे का ते बघायचं, तर सकाळची पहिली धार लागते. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी, जुन्या पाइपातलं शिसं त्यातच उतरतं. शिसं लहान पोरांच्या मेंदूला नडतं, म्हणून हा सगळा उपद्व्याप. आता वऱ्हाडी माणसाकडून खराब पाणी मागून बघा. जीव गेला तरी देणार नाही.

बार्शीटाकळीच्या एका भाऊंनी बाटली भरून ठेवली होती. पाणी एकदम गार.

"भाऊ, नळाचंच आहे ना?"

"फिल्टरचं हाय. तपासाले जाते तर चांगलंच देवाव ना, राजेहो. गावाची इज्जत हाय."

परतवाड्याच्या एका वहिनींनी तर आमची लॅबमध्ये धुतलेली बाटली राखेनं पुन्हा घासली. वर मलाच ऐकवलं, "सरकारी बाटलीचा काय भरोसा, भाऊ?" बाटली चकाचक, नमुना बाद. मी चहा घेऊन परत आलो.

अमरावतीचे एक रिटायर्ड प्राध्यापक म्हणाले, "आम्ही पाणी उकळून पितो. शिसं मरत असेल."

"सर, शिसं जिवंत नसतं."

"म्हणजे आधीच मेलेलं आहे. मग तसं लिहा ना रिपोर्टमध्ये."

शिकलेला माणूस. मी बाटलीवर 'उकळलेलं' असं लिहून निघालो.

पण आमच्या साहेबांची सर कोणालाच नाही. जुन्या वस्तीत गोदाकाकू राहतात, मागच्या अंगणात भाजी लावतात आणि विकतात. घरात दोन वर्षांची नात. त्यांच्या पहिल्या धारेत शिसं निघालं, चांगलंच निघालं. रिपोर्ट खराब गेला तरच जुना पाइप बदलणार होता. पण खराब रिपोर्ट म्हणजे साहेबांना वर दहा खुलासे.

"नळ दहा मिनिटं सोड, मग नमुना परत घे," साहेब म्हणाले.

मी घेतला. लाज वाटली, पण घेतला. रिपोर्ट आला, पाणी पिण्यास योग्य.

चार दिवसांनी काकू रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये हजर. सरळ साहेबांच्या टेबलासमोर.

"सायेब, या पोरानं दहा मिनिटं पानी सोडलं, मंगच बाटली भरली. मी पायलं. मंग ते पयलं पानी वाईटच हाय ना?"

"काकू, तेवढं पिऊ नका. नातीला तर मुळीच देऊ नका."

"अन् त्याचं काय करू?"

"झाडांना घाला," साहेब फाइल बंद करत म्हणाले. "विषय संपला."

"तेच करून राहिली ना. मेथीच्या वाफ्याले टाकते." काकूंनी पदर खोचला. "तुमच्या मॅडम रोज दोन जुड्या नेतात."

साहेबांनी काकूंच्या हातातला रिपोर्ट काढून घेतला आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी जा. पहिली धार घे. अर्जंट."