डिस्कला दिलेली वाढ

उद्यमबागेतल्या कारखान्यांत महादेव मेस्त्रींचं नाव निघालं की माणसं आधी त्यांच्या हाताचं कौतुक करतात आणि मग त्यांच्या हट्टाचा विषय काढतात. दोन्ही खरं आहे. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर त्या भागाचा लाकडी नमुना आधी करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा उठवायचा. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात, आणि तो करणारा माणूस हट्टी नसेल तर पुढचं सगळं ओतकाम वाया जातं. येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा एका पॅटर्न शॉपमध्ये झाडलोट करायला लागला आणि लाकडाला असा चिकटला, की बापाच्या शिव्या खाऊन, शेती भावाच्या गळ्यात घालून मोकळा झाला. आता त्यांची स्वतःची पत्र्याची शेड आहे आणि सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मुलगी तेवढी आप्पा.

मुलगी सौम्या इंजिनियर झाल्यापासून अण्णांचे पॅटर्न मोजून कॉम्प्युटरवर उतरवत होती. भिंतीवर टांगलेले, माळ्यावर रचलेले, वाळवीनं अर्धे खाल्लेले, सगळे. दोन वर्षं तिनं त्यात घातली. अण्णा शेजारी स्टुलावर बसून चुका काढायचे. त्यापलीकडे त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नव्हता.

मग पुण्याच्या एका कंपनीनं सौम्याला बोलावलं, आणि पोरगी अडून बसली. "मी गेल्यावर ह्ये कोण बघणार? तुमी माउस लिंबू पिळल्यागत धरता, आप्पा."

अण्णा हसले, पण त्यांना ते लागलं. घरी बायकोनं, मंगलवहिनींनी, तर तोंडावरच ऐकवलं, "तुमास्नी शेतात बांधून घातलं म्हणून तुमी पळालासा. आता पोरीला शेडला बांधताय व्हय?" अण्णा त्या दिवशी पानावरून लवकर उठले. बायको बरोबर बोलली की ते असेच उठतात.

शेडमध्ये नुकतंच लाकूड कोरायचं एक जुनं मशीन आलं होतं. ड्रॉइंग दिलं की ते हुकमाप्रमाणे कोरतं. अडचण एवढीच, की ते विंडोजचं ऐकत नव्हतं, त्याला लिनक्स लागत होतं. कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. जुन्या डिस्कवर विंडोज आणि सौम्याची सगळी ड्रॉइंगं. दुसरी एका भाच्याच्या बिघडलेल्या लॅपटॉपमधून काढून बसवलेली, मोकळी. ही दुसरी पुसून, फॉरमॅट करून तिच्यावर लिनक्स घालायचं होतं. मैत्रिणीच्या लग्नाला बोरगावला जाताना सौम्या सांगून गेली, "विंडोजमध्ये चारशे शहात्तर जीबी दिसती ती मोकळी. दुसरीला हात लावू नका. मी आल्यावर करू."

'मी आल्यावर' हे शब्द अण्णांनी सोयीनं सोडून दिले. ती यायच्या आत आपण हे केलं, तर पोरीला पटेल की बापाचं चालतंय, आणि ती निर्धास्त जाईल. मशीनबरोबर आलेला लिनक्सचा पेन ड्राइव्ह त्यांनी लावला, चष्मा पुसला आणि बसले.

पडद्यावर दोन डिस्क आल्या. एक पाचशेची, एक पाचशे बाराची. चारशे शहात्तरचा पत्ताच नाही.

दुसरा कोणीही इथे थांबला असता आणि सौम्याला फोन लावला असता. पण अण्णा पडले पॅटर्नवाले. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करायचा असतो. त्याला ते वाढ देणं म्हणतात. त्यांची मोजायची पट्टीसुद्धा बाजारातल्या पट्टीपेक्षा लांब असते, वाढ तिच्यातच धरलेली. तेव्हा एकच वस्तू इथे लहान आणि तिथे मोठी दिसली, यात त्यांना काडीचंही नवल वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, की चला, कॉम्प्युटरवाल्यांनाही एवढी अक्कल आहे. त्यांनी मनातल्या मनात चारशे शहात्तरला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वाढ दिली. वरून तासकामात घासून जाईल म्हणून थोडं जास्त धरलं. ओढूनताणून आकडा पाचशेच्या जवळ आला. पाचशे बारा? एवढी वाढ कोण शहाणा देतो?

त्यांनी पाचशेवर बोट दाबलं. सगळं पुसलं जाईल, नक्की का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. गिऱ्हाइकासमोर कधी 'थांबा, बघतो' न म्हणालेला माणूस तो. नक्की, म्हणाले.

लिनक्स झकास बसलं. डबा घेऊन आलेल्या मंगलवहिनींना त्यांनी ऐटीत नवा पडदा दाखवला. मग म्हणाले, थांब, तुला पोरीची ड्रॉइंगं दाखवतो, आणि दुसरी डिस्क उघडली. आत काहीच नव्हतं. म्हणजे पुसली होती ती पोरीचीच डिस्क.

"कॉम्प्युटर आपोआप बिघडला म्हणा की," वहिनी हळूच म्हणाल्या. अण्णांच्याही मनात तेच आलं होतं. भीती पोरीच्या रागाची नव्हती. आता ती पुण्याला जायची नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजत बसेल, आणि तिचं पाऊल अडवायला आपणच कारण होऊ, हे त्यांना सहन होईना. पण खोटं सांगितलं म्हणून ती पुण्याला थोडीच जाणार होती? त्यांनी फोन लावला.

"सौम्या, माझ्या हातनं तुझी सगळी ड्रॉइंगं पुसली गं."

मागे बँड वाजत होता. त्याचा आवाज जरा लांब गेला. मग ती म्हणाली, "कॉम्प्युटर बंद करा. आता काय बी दाबू नका. मी येतो."

ती जरीच्या साडीतच बसनं आली आणि थेट शेडमध्ये शिरली. "मी चारशे शहात्तर म्हटलं हुतं न्हवं? पाचशेवर कसं काय गेलासा?"

अण्णांनी सगळा हिशेब सांगितला. ऐकता ऐकता ती मटकन स्टुलावर बसली आणि हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. "आप्पा, डिस्कला बिडाची वाढ लावलासा? विंडोज आणि लिनक्स जीबी वेगवेगळं मोजत्यात. तितली चारशे शहात्तर ती हितं पाचशे बारा, एवढंच हाय ते."

"म्हंजे पट्ट्या दोन हाईत."

"व्हय, पट्ट्या दोन हाईत."

"मग माझं लई चुकलं न्हाय. वाढ कमी पडली," अण्णा म्हणाले. एवढं करूनही वर हे.

"चूक माझी बी हाय," सौम्या म्हणाली. "दुसरीकडं कॉपी ठेवाय पायजे हुती मी."

तिनं डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेलं परत शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. फॉरमॅट केलं तरी आतला मजकूर लगेच जात नाही, त्यावर नवीन काही बसेपर्यंत तो तिथंच असतो. दुसऱ्या दिवशी बरीचशी ड्रॉइंगं परत आली. काही मोडकी, आणि एकालाही नाव नाही, नुसते नंबर. पुली, फ्लँज, पंपाचे भाग, सगळे सारखे दिसणारे. सौम्याचा चेहरा उतरला. "कुठलं कुणाचं, आता कसं कळायचं? ह्ये लावस्तोवरच म्हैना जाईल. पुण्याला न्हाय म्हणून कळवतो मी."

"ऊठ तितनं," अण्णा म्हणाले.

ते खुर्चीत बसले. पहिलं ड्रॉइंग उघडलं, फिरवायला गेले तर ते पडद्याबाहेर पळालं. परत आणलं. परत पळालं. सौम्याचा हात सवयीनं माउसकडे आला. "तू बस," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी ड्रॉइंग जागेवर राहिलं. "निपाणीच्या पंपाचं ह्ये," असं म्हणत त्यांनी एका बोटानं नाव टाईप केलं. मग दुसरं उघडलं.

दिवसामागून दिवस तेच चाललं. जे ओळखायचं नाही, ते भिंतीवरच्या पॅटर्नशी ताडून बघायचे. मोडकं निघालं तर पॅटर्न खाली काढायचे, मोजायचे आणि नवीन काढायला घ्यायचे. सुरुवातीला दर रेषेला हाक मारायचे. मग दिवसाला दोन-तीनदा. सौम्या मागे उभी राहून विचारण्याची वाट बघायची. एक दिवस सकाळपासून ती उभी होती, आणि अण्णांनी एका पुलीचे सगळे आरे काढून संपवले, तरी त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. ती तिथं आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

ती बाहेर गेली. पत्र्याच्या आडून तिचा आवाज आत आला, "व्हय सर, एक तारखेला येते."

अण्णांचा हात माउसवर थांबला. पोरीनं जावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. पण ती गेल्यावर शेड कशी वाटेल, हे आत्ता पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आप्पा, ऐकलासा?" ती दारात आली.

"ऐकलो," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "जा. हितलं मी बघतो."