कोपराची बिजागरी

त्याला सगळे गजमिस्त्री म्हणायचे. पेशाने सुतार, आणि हातात कायम वडिलांनी घडवलेला गज, म्हणजे मापाची लाकडी पट्टी. टेपवर त्याचा विश्वास नव्हता; धरणारा बदलला की टेपचं माप बदलतं, असं तो म्हणायचा. चाळीस वर्षं त्याने दारं बसवली. त्याचं दार कधी कुरकुरलं नाही, की फुगून अडलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या घरचं दार त्याच्याच हातचं आहे. एका बोटाने ढकललं तरी पाण्यावर पान सरकावं तसं सरकतं.

त्याची थोरली बहीण, अक्का, त्याला आईच्या ठिकाणी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत होती, आणि राहायला भावाकडे, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला चौतीस पायऱ्या. सात महिने तिने रस्ता पाहिला तो खिडकीतूनच. जवळच वयस्कर माणसांसाठी एक इमारत उभी राहिली, तेव्हा तळमजल्यावरची एक खोली अक्कासाठी ठरली. तिथली अकराही दारं मिस्त्रीने जीव ओतून केली. तपासणीत इमारत पास झाली की अक्का खाली उतरणार होती.

तपासणीला एक बाई आल्या, त्याच्या मुलीच्या वयाच्या. नियम असा, की दारातली मोकळी वाट एक्क्याऐंशी सेंटीमीटर हवी. मिस्त्रीने चौकटी आतून बरोबर एक्क्याऐंशीच्या केल्या होत्या, केसाचाही फरक नव्हता. बाईंनी चौकट मोजलीच नाही. दार काटकोनात उघडलं आणि फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप धरली. सत्त्याहत्तर. उघडलेली फळी आपल्या जाडीएवढी वाट खात होती. मिस्त्री म्हणाला, चाळीस वर्षं असंच मोजत आलोय.

"मिस्त्रीकाका," बाई शांतपणे म्हणाल्या, "माणूस चौकटीतून जात नाही. उघड्या दारातून जातो."

पुढे धुण्याच्या खोलीचं दार. आत कपडे धुण्याची मशीन आणि गरम पाण्याची मोठी टाकी. दार आत उघडत होतं, गोल मूठ होती आणि बाहेरून कडी. बाईंनी तिन्ही गोष्टी खोडल्या. आत वाफ कोंडली तर माणसाने दार ओढत बसायचं का? ते बाहेर ढकललं जावं, त्याला बाहेरून कडी नसावी, आणि बोटं न वळणाऱ्यालाही आवळलेल्या मुठीने उघडता यावं. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी.

मिस्त्रीने घरी येऊन गज कोपऱ्यात उभा करून ठेवला. चौकटी रुंद करायच्या तर अकरा ठिकाणी भिंती फोडाव्या लागणार, अक्काचे आणखी सहा महिने खिडकीत जाणार. अक्काने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि हसली.

"लहानपणी तूही त्या फळीसारखाच दारात उभा राहायचास. मी कोपराने तुला बाजूला करायचे. मग फळीला करता येत नाही?"

तो आपलाच हात कोपरात वाकवून बघत राहिला. जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, कात्रीने छोटं दार आणि बिजागरी कापली आणि बिजागरीला मधोमध कोपर दिला. पुठ्ठ्याचं दार उघडलं, तशी फळी चौकटीबाहेर जाऊन उभी राहिली आणि वाट पूर्ण मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा घेऊन लोहाराकडे गेला. लोहाराने तो उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, मिस्त्री, दाराला हात मुरगळून बसवताय की काय. पण अकरा दारांच्या तेहतीस बिजागऱ्या त्याने आठवड्यात करून दिल्या. भिंतीला छिन्नीही लागली नाही. धुण्याच्या खोलीचं दार मिस्त्रीने बाहेर उघडणारं केलं, कडी काढली, मुठीच्या जागी आडवा दांडा बसवला.

बाई पुन्हा आल्या. टेप धरली, पुन्हा धरली. एक्क्याऐंशी. कागदावर सही करताना त्यांनी विचारलं, या बिजागऱ्या कुठून आणल्या? मिस्त्री म्हणाला, बहिणीकडून.

चार जणांनी खुर्चीसकट अक्काला चौतीस पायऱ्या उतरवून आणलं. नव्या जागी पोचल्यावर तिने मांडीवर धुणं घेतलं आणि कुणाला हात लावू न देता धुण्याच्या खोलीत शिरली. दोन्ही बाजूंना हाताची बोटं न खरचटता चाकं आत गेली. मागे दार लागलं.

मिस्त्री बाहेर उभा. आत मशीनची घरघर. त्याचा हात दांड्याकडे गेला, त्याने मागे घेतला. गेला, पुन्हा घेतला. मग आतून मूठ आपटल्याचा आवाज आला, दार बाहेर ढकललं गेलं आणि त्याच्या छातीशी येऊन अडलं.

"अरे, सरक बाजूला," आतून अक्का म्हणाली. "दार छान झालंय. मध्ये तूच उभा आहेस."

मिस्त्री बाजूला झाला. सात महिन्यांचा कोंडलेला श्वास त्याने तेव्हा सोडला.