टोपी-टॉवेलचा सीन

एका जिन्यात वीस वर्षं काढली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. दार उघडं ठेवलं की आपणहून आत येतात. माझं दार उघडंच असतं!

सुरतेत नवागामला आमच्या समोर सुदामभाऊ राहतात, लूम कारखान्यातले मास्तर. बायको मंगलवहिनी. त्यांची वर्षा मार्केटमध्ये साड्यांचे व्हिडिओ बनवते. यंदा तिने घरचाच पिक्चर काढायला घेतला. फॅमिली गाडी घेऊन सुरतहून सासुरवाडीला निघते, रस्ताभर भांडते. कॉमेडी!

घरात मात्र कॉमेडी नव्हती. तीन वर्षांपूर्वी वहिनींचा भाऊ नाना पोरीच्या लग्नात सुदामभाऊंना मानाचा टोपी-टॉवेल द्यायला विसरला. भाऊ मांडवातून उठून आले. "त्या दारात पाय ठेवणार नाही!" तेव्हापासून वहिनींचं माहेर बंद.

वर्षा म्हणाली, "पप्पा, शेवटच्या सीनमध्ये नानामामा टॉवेल देतो. तुम्ही तो फेकता आणि गाडी माघारी वळवता."

"त्याच्या तोंडावर फेकायचा?"

"कॅमेऱ्यासमोर!"

"मग चल!"

* * *

मी म्हटलं, मलाही रोल दे.

"मावशी, फॅमिलीच्या पिक्चरमध्ये शेजारीण कशाला?"

"शेजारीण नसेल तर फॅमिलीत काय चाललंय ते पब्लिकला कळणार कसं?"

रोल मिळाला. खिडकीजवळची सीटही!

* * *

कडोदऱ्याला पहिला शॉट. भाऊंनी वहिनींच्या कानात म्हणायचं, "आज छान दिसतेस." पण जन्म गेला लूमच्या खडखडाटात! असे ओरडले की मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला.

"पप्पा, हळू!"

"हळू म्हणजे किती? मशीन बंद आहे असं धरून का?"

वहिनी म्हणाल्या, "राहू दे गं. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, ऐकू दे गावाला!"

* * *

व्यारा आलं. वहिनींनी माहेर आठवून रडायचं होतं. ग्लिसरीनची बाटली उघडायच्या आधीच धारा लागल्या. वर्षाला मात्र मार्केटची सवय!

"मम्मी, पदर पसरव! बॉर्डर दिसू दे!"

तेवढ्यात चहाला थांबलेली एक गुजराती बाई जवळ आली. मला वाटलं, डोळे पुसायला. तर म्हणते, "बेन, आ साडी बीजा कलरमां मळशे?"

वहिनी हुंदका देत म्हणाल्या, "हो, जांभळ्यात पण आहे!"

* * *

नवापूरला भाऊंनी टॉवेल फेकायची रिहर्सल घेतली. पहिल्याच फेकीत टॉवेल भज्यांच्या कढईत!

भजीवाला शांतपणे म्हणाला, "काका, आधी बेसनात बुडवायचा असतो."

* * *

साक्रीपुढचं नानाचं गाव आलं. वर्षाने कळवल्याप्रमाणे नाना दारातच उभा, हातातल्या ताटात टोपी-टॉवेल. वर्षाने "ॲक्शन" म्हटलं. नानाने टोपी भाऊंच्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाकून पाय धरले. "दाजी, त्या दिवशी चुकलो." हे काही लिहिलेलं नव्हतं.

भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

"पप्पा, फेका ना!" वर्षा ओरडली.

"थांब गं. डायलॉग विसरलो."

"बरं, मग मम्मीचा शॉट घेऊ. मम्मी, चल, गाडीत रुसून बसायचंय! मम्मी? मम्मी कुठे गेली?"

आतून, चुलीजवळून, वहिनींचा आवाज आला. सुरतेत कधी ऐकली नव्हती अशी खणखणीत अहिराणी!

"तुम्ही शूटिंग आटपी ल्या! मी आठ दिन राहसू!"