खंडोबाच्या मागचं साल

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, ही गोष्ट आमच्या किकवीच्या घरात फक्त मलाच माहीत आहे.

जानेवारीचा पहिला आठवडा. माझ्या लेकीचा, गौरीचा, प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. मुदत पाचपर्यंत! या परीक्षेसाठी पोरीनं वर्षभर एसटीनं भोरला क्लास केला होता. आणि नेमका कॉम्प्युटर तारीख विसरला. आतला सेल संपला की तो तारीख विसरतो.

"बाबा, भोरला नेट कॅफेत जाऊ."

"मी घरात असताना? हट्!"

(दुरुस्तीवाल्याला हे करताना मी पाहिलं होतं. पाठीमागून, पण पाहिलं होतं!) बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या सेटिंगच्या, निळ्या पडद्यात शिरलो. वेळ, दिवस, महिना टाकला. सालाला जरा अडखळलो. जानेवारीत कोण अडखळत नाही? भिंतीवरच्या खंडोबाच्या कॅलेंडरवर बघून साल ठोकलं.

फॉर्मची साईट उघडेना!

"बाबा, तुमचं घड्याळ मागे आहे म्हणतंय."

"मनगटावर बघून लावलंय, मिनिटासकट! दोष दुसरीकडेच आहे."

पुन्हा बायोसमध्ये शिरलो. चालू होतं ते बंद केलं, बंद होतं ते चालू केलं. (समतोल नको?) आता कॉम्प्युटर म्हणाला, हार्ड डिस्कच नाही! चार वाजून गेले होते, भोरची एसटीही गेली होती. गौरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र चेहरा तज्ज्ञाचाच ठेवला.

"अहो, निदान होतं तसं तरी करा!" बायको ओरडली.

ते गौरीनंच केलं. मूळ सेटिंग परत आणली, कॉम्प्युटर सुरू झाला. घड्याळ मात्र मागेच!

"साल बरोबर टाकलंय," मी पुन्हा खंडोबाकडं बोट दाखवलं.

तेवढ्यात माझी आई चहा घेऊन आली. "आरं, त्ये मागल्या सालाचं हाय!"

"मग काढलं का नाहीस?"

"देवाचा फोटू कसा काढू? नवं त्याच्या मागं टांगलंय."

"मागं? दिसणार कसं?"

"मंग काय देवावर टांगू व्हय?"

गौरीनं साल बदललं, साईट लगेच उघडली. पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्म गेला! पोरीनं आनंदानं मिठी मारली. आजीला.

तेव्हापासून घरात मला कुणी तारीख विचारत नाही. परवा लग्नाचा वाढदिवस विसरलो, तरी बायको रागावली नाही.

"चालायचंच," ती गौरीला म्हणाली, "आतला सेल संपलाय यांचा."