ऑरिन काकांची दाढी आणि मावशीचं मत

अल्मिरा मावशीची नक्कल करायची असेल तर आधी नाकानं लांब श्वास घ्यायचा, तो छातीत कोंडून धरायचा, छताकडे बघायचं आणि मग सगळी हवा एकाच शब्दात सोडायची : "ऑऽऽरिन!" ऑरिन म्हणजे तिचा नवरा, माझे काका. शाळा जवळ पडते म्हणून मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे हा श्वास मी रोज ऐकते. कधीकधी जेवायच्या आधीच दोनदा.

तो सुरू झाला १९२० च्या निवडणुकीनंतर. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका न्हाव्याच्या खुर्चीत बसलेले, गालांना साबण फासलेला, आणि कुणीतरी वर्तमानपत्र घेऊन आलं : डेमोक्रॅट सपशेल आपटले. सगळं दुकान खदखदून हसलं, कारण आमच्या कॅन्ससच्या त्या कोपऱ्यात काका सोडले तर सगळे रिपब्लिकन. काका उठले, टॉवेलनं साबण पुसला आणि म्हणाले, "आपला माणूस व्हाइट हाउसात पाऊल टाकेपर्यंत या तोंडाला वस्तरा लागणार नाही."

दुसरा कुणी असता तर पंधरवड्यात विसरला असता. निवडणुकीच्या भरात इथली माणसं काय वाट्टेल ते बोलतात. पैज हरलेला जिंकलेल्याला ढकलगाडीत बसवून भर रस्त्यातून फिरवतो, कुणी गुडघ्यावर बसून नाकानं शेंगदाणा ढकलत नेतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. पण काका शब्दाचे पक्के. इतके पक्के, की "मी माणसाशी लग्न केलं का कुंपणाच्या खांबाशी, हे मला अजून कळलेलं नाही," असं मावशी म्हणते.

चोवीस साली तर डेमोक्रॅटांना उमेदवारच ठरवता येईना. न्यूयॉर्कात त्यांचं अधिवेशन दोन आठवडे चाललं. मतं घ्यायची, मोजायची, जमलं नाही म्हणून पुन्हा घ्यायची. काका शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसायचे आणि घरी आले की मावशी विचारायची,

"ठरला का एकदाचा?"

"ठरतोय."

"अरे, इतक्या वेळात मी नवरा बदलून घेतला असता!"

शेवटी एक ठरला, आणि पडला.

अठ्ठावीस साली कहर झाला. डेमोक्रॅटांचा उमेदवार कॅथलिक, त्यात दारूबंदी उठवा म्हणणारा. मावशी मेथडिस्ट, कोटावर दारूबंदीवाल्या बायकांची पांढरी फीत. चर्चच्या पायऱ्यांवर मिसेस ट्विचेलनी तिला गाठलं. (यांचा आवाज काढायला ओठ चिमटीत धरावे लागतात.) "अल्मिरा, तो निवडून आला तर पोप म्हणे समुद्राखालून बोगदा खणून इकडे येणार!"

"येऊ दे," मावशी म्हणाली, "येताना वस्तरा घेऊन आला म्हणजे झालं."

बोलायला बोलली, पण मत मात्र तिनं आपल्याच पक्षाला दिलं. तिच्या वडिलांचा एक हात लिंकनच्या लढाईत गेला होता. मरताना त्यांनी उरलेल्या हातानं तिचं मनगट धरून वचन घेतलं होतं, की मत देशील तर लिंकनच्या पक्षालाच, म्हणजे रिपब्लिकनांनाच. कॅन्ससमध्ये बायकांना मत मिळालं तेव्हापासून तिनं ते पाळलं होतं. म्हणजे बघा, घरात एकाच्या शब्दानं दाढी वाढत होती आणि दुसरीच्या शब्दानं ती वाढवणारी माणसं निवडून येत होती.

दाढी तोवर कोटाच्या तिसऱ्या बटणावर आलेली. सूपमध्ये बुडायची. वारा सुटला की खांद्यावरून मागे जायची. एकदा दुधावरची साय काढायच्या यंत्रात अडकली. मावशी कात्री घेऊन धावली तर काका ओरडले, "कात्री नको! यंत्र खोल!" यंत्र खोललं. साय सगळी जमिनीवर.

मग आलं बत्तीस साल. गव्हाला भाव नाही, मका विकण्यापेक्षा चुलीत घालणं परवडतं, आणि पुढारी रेडिओवरून सांगतायत की सुबत्ता अगदी कोपऱ्यापर्यंत येऊन पोचली आहे. काका रोज फाटकापर्यंत जाऊन बघून यायचे आणि सांगायचे, "नाही दिसली."

त्याच उन्हाळ्यात माझी मावसबहीण क्लिओरा हिचं लग्न ठरलं. मुलगा विचिटाचा, रेल्वेत कारकून. लग्न नाताळच्या आठवड्यात. मावशीनं तेव्हापासून एकच घोकलं होतं. "माझ्या लग्नाच्या फोटोत जो माणूस आहे ना, त्यानं हिचा हात धरून चर्चमध्ये न्यायला हवं. हा नाही. हा कोण आहे मला माहीत नाही."

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी ती शाळेत मत द्यायला गेली आणि परत आली ती तोंड मिटून. दिवसभर श्वास नाही, ऑरिन नाही. बुधवारी बातमी आली : डेमोक्रॅट जिंकले, कॅन्ससमध्येसुद्धा! काका अंगणात एकटेच नाचले. घरात येऊन बघतात तर टेबलावर गरम पाण्याचं भांडं, साबण, ब्रश, आरसा आणि परजलेला वस्तरा.

"हे काय?" काका म्हणाले.

"तुझा माणूस आला ना निवडून?"

"निवडून आलाय. व्हाइट हाउसात अजून कुठे गेलाय? तो जाणार चार मार्चला."

"मार्च," मावशी म्हणाली.

"मार्च. तोवर जुनाच बसणार. तो कायदा काही मी केलेला नाही."

मावशी रागावली की काकांना अहोजाहो करते, आणि तेव्हा आम्ही सगळे ताटं उचलतो.

"मिस्टर स्टाइल्स," ती म्हणाली, "माझ्या वडिलांना मी मरताना दिलेला शब्द तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"काल मी पडद्यामागे गेले आणि तुमच्या या नव्या दारूवाल्याच्या नावापुढे फुली मारून आले."

क्लिओराच्या हातातला चमचा खाली पडला. काका मावशीकडे वळले.

"तू? अगं, का?"

"का? का म्हणून विचारतोय! या केरसुणीसाठी!"

काकांनी दाढीवरून एकदा हात फिरवला. मग खुर्ची ओढून आरशासमोर बसले, ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाले, "मोडतो शपथ. तू एवढं केलंस तर मी चार महिने सोडतो."

मी म्हटलं, सुटलो. पण मावशीनं त्यांचं मनगट धरलं.

"खबरदार हात लावशील तर!"

"अगं, आत्ता तर तूच..."

"मी ओरडले म्हणून तू दाढी करणार असशील तर मी मत कशाला दिलं? ओरडायला मला वीस सालापासून येतंय! वडिलांचा शब्द मी मोडला तो तुझा पुरा व्हावा म्हणून. आता तूही मोडलास, तर माझं मत गेलं कुठे? चुलीत?"

"मग मी करू तरी काय, बाई?"

"मार्चपर्यंत बस तसाच!"

"आई," क्लिओरा हळूच म्हणाली, "मला चालेल. मला बाबा असेच माहितीयेत."

"त्याखालचं तोंड तुला आठवत नाही, म्हणूनच म्हणते, तू गप्प बस!" आणि भांड्यातलं पाणी तिनं मागच्या दारातून फेकून दिलं.

लग्नाच्या सकाळी मावशीनं काकांना स्वैपाकघरात स्टुलावर बसवून दाढी स्वतः धुतली, विंचरली, घडी घालून कोटाच्या आत सरकवली आणि वरून पिना टोचल्या. "मान सरळ. खाली बघू नकोस. शिंकायचं असेल तर पाद्रीबुवांचं झाल्यावर."

काका शिंकले नाहीत. क्लिओराचा हात धरून ते ताठ चालत गेले. मिसेस ट्विचेल मला विचारत होत्या, यांना छातीत काही दुखतंय का.

चर्चच्या दाराशी फोटो काढायला सगळे उभे राहिलो. पिना निसटल्या होत्या, दाढी पुन्हा बाहेर. फोटोवाला काळ्या कापडातून डोकं काढून वैतागला. "अहो मुलीचे वडील, जरा हसा की! मघापासून सांगतोय."

"हसलाय तो," मावशी म्हणाली.

"मला तर काहीच दिसत नाही, बाई."

"तुम्हाला नसेल दिसत. मला कळतं. काढा तुम्ही." आणि मग पुढे बघतच, ओठ न हलवता काकांना म्हणाली, "पुरे आता. दात दिसतील."