चुलवाणातली तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलच्या मैत्रिणींना नाही, आप्पांना, म्हणजे वडिलांना, तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढे ही गोष्ट काढली की माझी जीभ आपोआप दुसऱ्याच वाटेला लागते.

आधी एक सांगू? मला माझा अभ्यास भयंकर आवडतो. कायदा आणि क्रिमिनॉलॉजी, पाच वर्षांची एकत्र पदवी. पाटसजवळच्या आमच्या गावाला यातला कायदा तेवढा कळायचा, पुढचा शब्द कुणाच्या तोंडात बसायचा नाही. चुलते विचारायचे, "म्हंजी तू चोर धरनार का चोर सोडवनार?" मी म्हणायचे, दोन्ही! आणि खरंच, काय विषय आहे हो! माणूस गुन्हा का करतो, ठसा काय बोलतो, साक्षीदाराला आठवतं ते घडलेलंच असतं का — पहिल्या वर्षी माझ्या तोंडात दुसरं काही नसायचं. शनिवारी पुण्याहून दौंडच्या गाडीत बसले की समोरच्याच्या चपलांवरून त्याचा धंदा ओळखायचे. हसू नका. एकदा बरोबर आला होता.

त्याच वर्षी हिवाळ्यात नदीवरच्या आमच्या मोटरीची केबल चोरीला गेली. भीमेकाठी हे नवं नाही. चोर केबल कापून नेतात, वरचं रबर जाळतात आणि आतलं तांबं भंगारात विकतात. त्या खेपेला शेजाऱ्यांच्याही केबली गेल्या, ऊस वाळायला लागला, आप्पांच्या डोक्याला घोर लागला. आणि मला? मला आनंद झाला. अगदी उकळ्या फुटल्या — माझी पहिली केस!

गावाबाहेर एक गुऱ्हाळ आहे. गूळ करणारे कामगार सगळे उत्तर प्रदेशातले. त्यांतला रामदीन चुलवाणात, म्हणजे कढईखालच्या भट्टीत, जाळ घालायचा. बायको आणि लहानगी मुलगी गुड्डी त्याच्याबरोबरच राहायच्या. गुड्डी आमच्या झेडपीच्या शाळेत पहिलीत होती आणि मराठी अशी फाडफाड बोलायची की बाई तिला परिपाठाला पुढे उभी करायच्या. हे सगळं मला माहीत होतं, बरं का. अनोळखी माणसं नव्हती ती.

नदीवरून परतताना मी गुऱ्हाळापाशी थांबले. रबर जळाल्याचा वास आला. राखेच्या ढिगात बारीक काळ्या तारांचा गुंता दिसला, आणि अंगावर काटाच आला! पुस्तकात वाचलं होतं तसं, थेट हात न लावता, मी एक तुकडा रुमालात घेतला. घरी पोहोचेपर्यंत मी चालत होते की पळत होते, आठवत नाही.

आता इथं जरा थांबते. कारण जळणाचं चिपाड ओलं असलं की गुऱ्हाळात जुने टायर जाळतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टायरच्या पोटात तारा असतात हेही ठाऊक आहे. मग मला आठवलं कसं नाही? — आठवायचं नव्हतं. खरी गोष्ट एवढीच.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात माणसं जमली. बायकांनी तिथं कधी बोलायची पद्धत नव्हती. पण आप्पा म्हणाले, "आमच्या वकीलबाईला कायतरी सांगायचं हाय. ऐका रं जरा." आणि ऐकलं त्यांनी! फेटेवाले आबा, सोसायटीचे चेअरमन, मला लहानपणी चहा आणायला पिटाळणारे सगळे — गप्प बसून माझ्याकडे बघत होते. मी वास सांगितला, रुमाल सोडून तार दाखवली, संधी कुणाला होती ते समजावलं. मग कुणीतरी विचारलं, "जाळावर कोन असतंय?" आणि मी म्हणाले, रामदीन. दुसऱ्या कुणी नाही घेतलं त्याचं नाव. मी घेतलं.

पोरं जाऊन त्याला घेऊन आली. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. तार पुढे धरल्यावर तो एवढंच म्हणत राहिला, "टायर का तार है, साहब. टायर का है." मी ऐकलं. मनात म्हटलं, आरोपी असंच म्हणणार. मग कुणीतरी त्याच्या कानफटात मारली, दुसऱ्यानं कॉलर धरली, आणि मी मध्ये उभी राहिले — "मारायचं नाही! कायदा हातात घ्यायचा नाही, पोलिसांना बोलवा!" किती ऐटीत म्हणाले! अगदी वर्गात पाठ केल्यासारखं.

गुऱ्हाळाचा मालक घाईघाईनं म्हणाला, "पोलीस कशाला? आजच हाकलतो त्याला." टायर जाळायला बंदी आहे, म्हणून तो त्या तारेबद्दल चकार शब्द बोलला नाही, हे मला नंतर उमगलं. दुपारी रामदीन बायको-पोरीला घेऊन दौंड स्टेशनाकडे निघून गेला. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शिकीवल्याचं चीज झालं बघ." आप्पांनी याआधी मला कधी अशी शाबासकी दिली नव्हती.

तारेचा तुकडा मी कंपासपेटीत ठेवला. मिरवायला. पुढच्या वर्षी फॉरेन्सिकच्या प्रॅक्टिकलला जळीत जागेवरची राख होती आणि लोहचुंबक होतं. सर यायचे होते. मी सहज, गंमत म्हणून, तारेवरून चुंबक फिरवलं — आणि तार टणकन उडून चिकटली. तांबं चिकटत नाही. जळल्यावर तांबं काय नि लोखंड काय, दोन्ही काळंच. पण चुंबकाला काय त्याचं! टायरचीच तार होती. पहिल्या क्षणाला, शप्पथ, मला मजा वाटली. काय सुंदर चाचणी! आणि मग रामदीनचं "टायर का है" आठवलं.

मी काय केलं असेल? तार कचऱ्याच्या डब्यात टाकली. सरांनी विचारलं, कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का — मी हात वर केला आणि गावातली केबलचोरी सांगितली. रुमालापासून ते "मारायचं नाही" पर्यंत. चुंबक गाळून. वर्गानं टाळ्या वाजवल्या. केबली कुणी नेल्या ते आजही कुणाला माहीत नाही, आणि आप्पा लग्नाकार्यात अजून तीच गोष्ट सांगतात. मी शेजारी उभी राहून मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. गप्प का राहिलात, असं विचाराल तर कारणं हवी तेवढी देईन, वकिलीच शिकतेय. पण त्यातलं एकही तुमच्यापुढे ठेवणार नाही.

कारण याहून वाईट पुढेच आहे. आता माझं शेवटचं वर्ष. गेल्या महिन्यात शिरूरच्या कोर्टात एका वकील मॅडमच्या हाताखाली कामाला जात होते. पहिल्यांदाच काळा कोट हातावर टाकलेला, इतकी खुशीत होते! एसटी स्टँडवर मागून हाक आली, "दीदी!" रामदीन. घोडनदीच्या पलीकडे वीटभट्टीवर कामाला आहे म्हणाला. माझा कोट बघून त्याचा चेहरा फुलला. शेजारी उंच झालेली गुड्डी होती. तो तिला म्हणाला, "यही दीदी हैं. उस दिन इन्होंने ही पापा को बचाया था."

त्याला देवळात आणलं तेव्हा माझं बोलून झालं होतं. त्यानं पाहिलं ते एवढंच — सगळे मारत होते आणि एक मुलगी आडवी आली.

मी गुड्डीला मराठीत विचारलं, कुठल्या शाळेत आहेस गं? ती बापाकडे बघायला लागली. तो म्हणाला, "स्कूल तो वहीं छूट गया, दीदी."

गाडी लागलेली नव्हती. वेळ होता. तो समोर उभा होता, आणि एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मला येत होतं. तेवढ्यात तो माझ्या पायांशी वाकला. आमच्याकडे वडीलधारं माणूस असं वाकलं तर कुणीही दचकून मागे सरतं, "अहो, काय करता" म्हणतं.

मी पाय मागे घेतले नाहीत.